ओझे बेताचे, वाट सुखाची

सुगी आटोपली, पोरांच्या शाळेला सुट्टी लागली, की खेड्यातल्या घरांना पाहुण्यांच्या गावाची ओढ लागते. कुणाचा मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात असतो, कुणाची लेक बदलापुरात नांदते, तर कुणाचा भाऊ उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कामाला असतो. कल्याण ते बदलापूर हे रेल्वेचे अंतर जेमतेम १४ किलोमीटर. पण सगळ्या प्रवासात एवढाच तुकडा गावाकडच्या माणसाचा घाम काढतो, आणि त्याला कारण बहुधा त्याचे सामान असते.

नाशिक, खानदेश, वऱ्हाडाकडून येणाऱ्या माणसाला कल्याणला उतरून गाडी बदलावी लागते. पुण्याकडच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या तर बदलापूर, अंबरनाथ डोळ्यांदेखत मागे टाकून कल्याणला येतात आणि तेथून लोकलने उलटे यावे लागते. जिना चढा, फलाट शोधा आणि कर्जत, बदलापूर किंवा अंबरनाथची लोकल पकडा! ही लोकल स्टेशनात पुरते मिनिटभरही थांबत नाही. तेवढ्यात आजीबाई, दोन लेकरे, पत्र्याची पेटी, तांदळाची गोणी आणि आंब्याची करंडी एकदम आत कशी चढायची?

लांब पल्ल्याच्या गाडीत साध्या दुसऱ्या वर्गाला माणशी ३५ किलो आणि स्लीपरला ४० किलो सामान मोफत नेता येते. हा झाला रेल्वेचा हिशेब. आपल्या खांद्याचा हिशेब वेगळा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे सामान भरून उचला, अंगणात दोन फेऱ्या मारा, जमले तर जिना चढून उतरा. तिकीट काढायला, लेकराला धरायला, गाडीची दांडी पकडायला एक हात मोकळा राहिला पाहिजे. तो राहत नसेल तर पिशवीतले काहीतरी घरी ठेवायचे आहे, असे खुशाल समजा.

पिशवी भरण्याची रीत आपल्याला बैलगाडीने शिकवलेलीच आहे. वजन मागे पडले तर गाडी उलाळ होते, पुढे पडले तर बैलांच्या मानेवर येते. म्हणून जड माल आपण आखावर घेतो. पाठीवरच्या पिशवीतही जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात, बाहेरच्या अंगाला कपडे. एका हातात २० किलोची गोणी नेण्यापेक्षा कावडीसारख्या दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या करून दोघांनी एकेक घ्यावी. कपड्यांच्या घड्या एकावर एक रचू नयेत. घट्ट वळकट्या करून उभ्या लावल्या म्हणजे जागा कमी लागते आणि हवा तो कपडा उपसाउपस न करता मिळतो. मुलांचा एकेक जोड प्रत्येक पिशवीत घालावा. एखादी पिशवी गाडीत राहिलीच, तर पोर उघडे पडत नाही.

आता वानवळा. रिकाम्या हाताने जाणे आपल्या जिवावर येते, ते बरोबरच आहे. पण तांदूळ-गहू तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मिळत नाही तो आपल्या घरचा काळा मसाला, उन्हात वाळवलेले सांडगे, आपल्या रानातले तीळ. म्हणून वानवळा चवीचा न्यावा, वजनाचा नको. तिकडच्या दमट हवेत गुळाला पाणी सुटते, तो घट्ट झाकणाच्या डब्यातच भरावा. आंबे पाडाचे, देठासकट, पेंढ्यात घालावेत. लोणच्याला काचेची बरणी टाळावी. तोंडाला प्लॅस्टिक बांधून बरणी कपड्यांच्या मध्ये उभी ठेवावी.

उल्हासनगरला जाणाऱ्याने कॅम्पचा नंबर आणि उतरायचे स्टेशन आधीच विचारून घ्यावे. एक नंबर कॅम्पला जवळचे शहाड स्टेशन कसाऱ्याच्या वाटेवर आहे, तर विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर कर्जतच्या वाटेवर. चुकीच्या फाट्याला लागलात तर ओझ्यासह परत कल्याण! 'कॅम्प' हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीचे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना येथल्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या गावाची कोनशिला बसली. घरदार, दुकान, जमीन मागे टाकून आलेली ही माणसे. पुढे पापड-लोणच्यापासून कापडापर्यंत त्यांनी केवढा व्यापार उभा केला! ते जे मागे ठेवून आले, ते कायमचे गेले. आपले घर चार दिवसांनी परतल्यावर जागेवरच असणार आहे. मग 'लागले तर असू द्या' म्हणून सगळे बरोबर कशाला वाहायचे?

अंबरनाथला वालधुनीच्या काठचे शिवमंदिर अवश्य पाहावे. शिलाहार राजांच्या काळातले, शके ९८२ चा, म्हणजे सन १०६० चा शिलालेख असलेले हे मंदिर आहे. त्याच्या बाह्य भिंतींवरचे कोरीव काम निवांत पाहायचे तर सामान पाहुण्यांच्या घरी टाकूनच जावे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते, त्या दिवशी बोचकी घेऊन या स्टेशनात उतरणे टाळावे.

बदलापूरच्या वाटेवर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर बायाही होत्या. २७ तारखेला आपत्ती दलाच्या आणि नौदलाच्या जवानांनी, पोलिसांनी, गावकऱ्यांनी मिळून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. अशा वेळी बोटीत आधी माणसे बसतात, पेट्या नव्हेत.

म्हणून पावसाळ्यात एक लहान पिशवी कायम अंगाला अडकवलेली असावी. तिच्यात तिकीट आणि ओळखपत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चालू औषधे दोन दिवसांची जास्त, पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे आणि फोन ठेवावा. पाहुण्यांचे नंबर कागदावरही लिहून घ्यावेत, कारण फोन भिजतो, बंद पडतो. पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. बाकीचे सामान वाहून गेले तरी माणूस घरी पोचतो.

आणि निघताना पिशवीत वितभर जागा मोकळी राहू द्या. उल्हासनगरचे पापड परतताना त्यातच बसतील. जूनच्या आसपास गेलात तर बदलापूरची जांभळेही आणता येतील. ती मात्र पसरट डब्यात, एकावर एक न दडपता, हातात घेऊन आणा. घरच्या लेकरांच्या जिभा जांभळ्या होऊ द्यात!