वडिलांची पिसे

नाव माशी, परंतु खाऱ्या पाण्यातील ही माशी सोंग घेते ते लहानशा मासळीचे. लेफ्टी क्रे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील चेसापीक उपसागरासाठी बांधलेला ‘डिसीव्हर’, म्हणजे फसव्या, आम्ही अंदमानातील सरकारी निवासात बांधत असतो. कोंबड्याची लांब पांढरी पिसे गळाच्या मागील टोकाशी बांधावयाची, म्हणजे फेकताना ती वाकाभोवती गुंडाळत नाहीत. पुढे हरणाच्या शेपटीच्या केसांऐवजी आम्ही बकरीचे लावतो. प्रारंभी हौसेने भारंभार पिसे लावली. माशी हवेत अडे, आणि कोकर मासा जवळ येऊन परते. विरळ बांधू लागलो, तेव्हा भिजताच ती मासोळीसारखी सडपातळ दिसू लागली.

पिसे मालवणहून वडील पाठवीत. जन्मभर कोळंबी लावून गळ टाकलेल्या त्या गृहस्थांना पिसांचे हे खूळ कधीच पटले नाही. तरी पिसे निवडून, सारख्या लांबीची लावून धाडीत. गेल्या वर्षी ते गेले. शेवटच्या पाकिटातील सहा पिसे आम्ही जपून ठेवली होती. परवा ती बांधली. तिसऱ्याच फेकीला कोकराने माशी खडकाखाली नेली, दोरी तुटली. हळहळ वाटली नाही, असे म्हणवत नाही. पण पाकीट रिकामे झाले ते योग्य कामी.