पाणचक्कीच्या गावातला अयस्कांत

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादला, येणारा पाहुणा मकबरा पाहतो, वेरूळला जाऊन येतो आणि वेळ उरलाच तर पाणचक्कीत डोकावतो. माझा क्रम नेमका उलटा आहे. खाम नदीकाठच्या त्या आवारात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारी, वडाच्या सावलीत तासभर बसल्याखेरीज मला हे गाव भेटल्यासारखेच वाटत नाही. अठराव्या शतकात कोणी डोकेबाज माणसांनी दूरच्या टेकड्यांतले पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून येथवर आणले, उंचावरून सोडले आणि त्याच्या जोरावर जाते फिरवून फकिरांना नि यात्रेकरूंना पीठ पुरवले. पाणी वरून खाली आले, त्याच्या मोबदल्यात दळण झाले. हिशेब चोख!

सिडकोतल्या आमच्या एका स्नेह्यांच्या मुलाला याच पाणचक्कीने झपाटले. पोरगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. त्याचे म्हणणे असे, की जात्याच्या जागी जनित्र बसवले तर गावाकडच्या ओढ्यावर पावसाळ्यात चार दिवे लागायला काय हरकत आहे? घराखाली स्कूटर ठेवायच्या जागेत त्याने कारखाना थाटला, आणि यंदा मी मुद्दाम तो पाहायला गेलो.

“काका, घड्याळ आणि मोबाईल वरच ठेवून या,” हे माझे स्वागत. बँकेची कार्डेही वरच राहिली.

टेबलावर निकेलचा मुलामा दिलेल्या वड्या होत्या. बर्फीएवढ्या, तशाच चकचकीत. हे निओडिमियमचे चुंबक. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा हा मिश्रधातू १९८० नंतरच्या दशकात जपान व अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी सिद्ध झाला. आपल्या शाळेतला नालाच्या आकाराचा लाल चुंबक यांच्यापुढे अगदीच गरीब बिचारा. दोन वड्या एकमेकींना भिडल्या की ओढून सुटत नाहीत. लाकडाच्या कडेला टेकवून एक बाजूला सरकवावी लागते. मध्ये बोट सापडले तर ते चिरडते. वड्या एकमेकींवर आपटल्या तर काचेसारख्या फुटतात आणि कपच्या उडतात, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. मुलाची धाकटी बहीण आसपास असली की वड्या कुलपात जातात, कारण असे दोन चुंबक पोटात गेले तर आतडी चिमटीत धरून भोके पाडतात. संस्कृतात चुंबकाला ‘अयस्कांत’ म्हणतात, लोखंडाचा प्रियकर. वर्गात हा शब्द शिकवताना मुले हसतात. या टेबलापाशी कोणी हसेल असे मला वाटत नाही.

दोन लोखंडी तबकड्या, प्रत्येकीवर बारा चुंबक, उत्तर-दक्षिण असे आलटून पालटून. मधे तांब्याच्या तारेची नऊ वेटोळी, रेझिनमध्ये ओतून पक्की केलेली. तबकड्या फिरल्या की वेटोळ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि तारेत वीज उपजते; फॅरेडेने १८३१ साली दाखवले ते हेच. खरी कसोटी दुसरी तबकडी पहिलीसमोर बसवताना. हाताने ती धरणे अशक्य. म्हणून आटे पाडलेल्या तीन लांब बोल्टांवर तिला पेलायचे आणि एकेक नट अर्धा अर्धा फेरा फिरवीत खाली उतरवायचे. ते काम बघताना मी चहा प्यायचा विसरलो.

एक वडी अंगणात पडली होती; उचलली तर तिला काळी दाढी फुटलेली. इथल्या काळ्या दगडातच मॅग्नेटाइट आहे, त्याचे ते कण. सहासष्ट लक्ष नव्हे, सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी हा लाव्हा थिजला तेव्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यात कोरली गेली. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांवरून दाखवले, की त्या काळी ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. ज्या खडकात कैलास लेणे कोरले, त्याच जातीच्या खडकाचा हा जबाब! वडीची दाढी मात्र मुलाच्या आईने मळलेल्या कणकेच्या गोळ्याने टिपून काढली.

आजोबांनी चाळीस वर्षे पिठाची गिरणी चालवली. यंत्राला पहिला हात त्यांनी लावावा, ही मुलाची फार इच्छा. पण त्यांच्या छातीत पेसमेकर आहे आणि असा चुंबक जवळ आला की तो हृदयाकडे न पाहता ठरावीक ठोके देऊ लागतो. डॉक्टरांना विचारून मुलाने जमिनीवर खडूने रेघ ओढली, दहा पावलांवर. आजोबांची खुर्ची रेघेपलीकडे. दोन दिवस ते रुसले होते म्हणे.

अखेर तबकडी फिरवायला मला बोलावले. तारांची टोके सुटी होती तोवर ती कुंभाराच्या चाकासारखी फिरत होती. त्याने टोके दिव्याला जोडली मात्र, आणि कोणी मागून धरावे तसा हात जड झाला. दिवा लागला. मी थांबलो की तो विझे.

“काय मास्तर,” रेघेपलीकडून आवाज आला, “दळण जाड येतंय का बारीक?”