यंत्राच्या पोटांतील यंत्र

संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक चालतो, आणि त्याच्याहि पोटांत तिसरा, असें सांगितलें म्हणजे आमच्या वर्गांतील मुलें प्रथम हंसतात. परंतु ही गोष्ट जुनी व खरी आहे.

अमेरिकेंतील केंब्रिज येथें आय.बी.एम.च्या संशोधन-केंद्रांत १९६७ सालीं सीपी-४० नांवाचा नियंत्रक चालूं लागला. एकाच मेनफ्रेमवर तो अनेक आभासी यंत्रें उभीं करी. प्रत्येकास वाटे, सारा संगणक आपलाच! आंतील यंत्रानें एखादी राखीव आज्ञा दिली, कीं ती वाटेंतच अडे, व बाहेरचा नियंत्रक तिचें काम उरकून देई. पुढें सीपी-६७ च्या पोटांत दुसरा सीपी-६७ चालविण्यांत आला. त्यामुळें नवा नियंत्रक आंतच पारखतां येई. तो कोसळला तरी बाहेर काम करणारांस त्याची झळ लागत नसे.

घरगुती संगणकावर हें कठीण होतें. जुन्या इंटेल प्रोसेसरांत कांहीं आज्ञा न अडतां मुकाट्यानें भलतेंच करीत. १९९९ सालीं व्हीएमवेअरनें अशा आज्ञा धांवत्या कामांतच बदलण्याची युक्ति बाजारांत आणिली. २००५ सालीं इंटेलनें प्रोसेसरांतच सोय केली. २०१० सालीं आय.बी.एम.च्या संशोधकांनीं ‘टर्टल्स’ प्रकल्पांत इंटेलवर यंत्रांत यंत्र चालविलें. नित्याच्या कामांत वेग एकेरी यंत्राहून शेंकडा ६ ते ८ च कमी भरला.

ह्याची किंमत मात्र असते. १६ गिगाबाईटांच्या संगणकांत पहिल्या यंत्रास ८ दिले, तर त्याच्या पोटांतील यंत्रांस त्या आठांतूनच वांटा मिळतो.

तरीहि आम्ही हा खर्च योग्य मानतों. “सर, बिघडलें तर?” हा प्रश्न आम्हांस नेहमीं ऐकूं येतो, आणि ज्याच्या घरीं संगणक नाहीं, तोच मुलगा तो अधिक हळू आवाजांत विचारतो. भरपाईच्या भीतीनें तो हात आंखडता घेतो, आणि मागें पडतो. त्याला एक आभासी यंत्र द्यावें, व त्यांत स्वतःचा नियंत्रक उभा करूं द्यावा. मग तो केवळ वापरणारा राहत नाहीं. यंत्रें वांटणारा, बंद करणारा, राखणारा होतो. सारें कोसळलें, तरी पूर्वीं राखून ठेविलेली प्रत कांहीं मिनिटांत पुन्हां उभी राहते.

विद्यार्थी मित्रहो, अशा ठिकाणीं निःशंकपणें मोडा, आणि कां मोडलें तें वहींत लिहून ठेवा. पालकांनींहि तें वाचावें.