बडनेऱ्याचा व्हिडिओ गेम कोणत्या पिढीचा?

१/ गेमिंग कन्सोलवरून समाजमाध्यमांवर रोज वाद झडतात. प्लेस्टेशन श्रेष्ठ की एक्सबॉक्स, निन्टेन्डो की सेगा? या वादांत एक वाक्य हमखास येते : ‘आपल्याकडे नव्वदीत खरे कन्सोल होतेच कुठे? सगळी नक्कल.’ आजचा धागा या एका वाक्याविषयी आहे.

२/ कन्सोलचा इतिहास ‘पिढ्यां’त मांडण्याची रीत आहे. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आला. तो तिसऱ्या पिढीचा. सेगाचा मेगा ड्राइव्ह १९८८ चा, म्हणजे चौथ्या. सोनीचे प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ चे, पाचव्या. नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ बाजारात आले तेव्हा जग सातव्या पिढीत होते, असे ही मांडणी सांगते.

३/ आता बडनेरा. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे जंक्शन. अमरावतीचा फाटा इथूनच निघतो. आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तो २००८ मध्ये. मी तेव्हा आठ वर्षांची होते. यंत्र नवेकोरे, पण रचना १९८३ च्या फॅमिकॉमची. खुद्द निन्टेन्डोने फॅमिकॉमचे उत्पादन सप्टेंबर २००३ मध्येच थांबवले होते. मग आम्ही तिसऱ्या पिढीचे की सातव्या?

४/ प्रश्न निरुत्तर करतो, कारण पिढ्यांचा हा क्रम शोधाच्या तारखा मोजतो, वापराच्या नव्हे. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात हाच आक्षेप घेतला आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांवरून लिहिला की बहुसंख्य माणसे प्रत्यक्षात काय वापरत होती, ते नजरेआड होते.

५/ मग वापराचा इतिहास लिहायचा कशावरून? वस्तूवरून. आपण जिला ‘कॅसेट’ म्हणत असू, तिच्या तळाच्या सोनेरी पट्ट्या मोजा. जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटीला ६० पिना असतात. अमेरिकेत १९८५ पासून विकल्या गेलेल्या एनईएसला ७२. आमच्या कॅसेटीला ६० आहेत. म्हणजे आमच्या यंत्राचे घराणे अमेरिकी नव्हे, जपानी. तैवान आणि चीनमधील कारखान्यांच्या वाटेने आलेले. अशा प्रतिकृतींसाठी तैवानच्या यूएमसी या कंपनीने चिपाही बनवल्या होत्या.

६/ त्याच कॅसेटीवर ‘९९९९ इन १’ असे छापले होते. प्रत्यक्षात पाच-सहा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. ही फसवणूक खरीच. पण ग्राहकाला काय हवे आहे, हे विक्रेत्याने किती अचूक ओळखले होते, त्याचाही तो पुरावा आहे : एका किमतीत जास्तीत जास्त खेळ. कंपनी कोणती, हा प्रश्न आमच्या गल्लीत कुणी विचारलाच नाही. ‘तुझ्याकडे कोणती कॅसेट आहे?’ एवढाच प्रश्न असे.

७/ यंत्र उघडले की दुसरा पुरावा मिळतो. मूळ फॅमिकॉममध्ये प्रोसेसर आणि चित्र उमटवणारी चिप या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. आमच्या यंत्रात दोहोंचे काम एकाच चिपेत, काळ्या इपॉक्सीच्या एका थेंबाखाली. हा थेंब बिघडला की उपाय नाही. स्टेशनजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांचे काम म्हणून वायरी, बटणांखालचे रबर आणि मुख्यतः अडॅप्टर यांपुरते. ‘गेम चांगला हाये, अडॅप्टर जयलं,’ हे त्यांचे ठरलेले निदान.

८/ अडॅप्टरच का जळे? विजेमुळे. २००५ नंतरची काही वर्षे विदर्भातील गावांनी भारनियमनात काढली. वीज परतताना दाब वरखाली होई. शिवाय मारिओसारख्या खेळांत प्रगती साठवण्याची सोयच नव्हती. वीज गेली की पहिल्यापासून सुरुवात. आमचा खेळ भारनियमनाच्या वेळापत्रकावर बेतलेला होता. ‘सर्वोत्तम कन्सोल’ ठरवणाऱ्या एकाही वादात मला हा निकष आढळलेला नाही.

९/ बंदुकीचेही तसेच. ‘डक हंट’मध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो टिपतो. हे गणित जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरच जुळते. घरोघरी सपाट टीव्ही आले आणि धडधाकट बंदुका एका दिवसात निकामी झाल्या.

१०/ आमच्या यंत्राला कीबोर्ड होता. बाबांनी ते खेळणे म्हणून घेतलेच नव्हते. ‘पोरायले कम्प्युटर शिकाले भेटन,’ असे ते आईला म्हणाले होते. चीनमध्ये सुबोर कंपनीने नव्वदीत अशीच कीबोर्डाची यंत्रे ‘अभ्यासयंत्र’ म्हणून विकली. खरा संगणक न परवडणाऱ्या घरांची आशा, हा या धंद्याचा मोठा आधार होता. तिला ‘नक्कल’ म्हणून निकालात काढता येत नाही.

११/ इतर देशांनी ती काढलीही नाही. रशियात डिसेंबर १९९२ मध्ये ‘डेंडी’ आला, पोलंडमध्ये ‘पेगासस’. दोन्ही फॅमिकॉमच्याच प्रतिकृती. तिथे त्या नावांनी एक अख्खी पिढी स्वतःला ओळखते. आपल्याकडेही समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावे होती. त्यांची गोष्ट मात्र कुणी सलग लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

१२/ कॅसेटींतले खेळ बहुतांशी चोरीचे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नाणकशास्त्रात खोटे नाणेही साधन मानतात. अस्सल नाण्याला मागणी होती आणि ते पुरेसे पोचत नव्हते, हे खोटे नाणेच सांगते. बडनेऱ्यातल्या यंत्राचेही म्हणणे तेच आहे.

१३/ हे सारे आता का लिहिते आहे? याच विषयावर लघुप्रबंध करावा, असे मनात आहे आणि साधने डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत. दुरुस्तीवाले काका गेल्या वर्षी वारले. कुणाच्या घरचे कोणते यंत्र कधी आले, काय बिघडले, किती पैसे घेतले, हे ते एका वहीत लिहीत. मी विचारायला गेले तेव्हा ती वही रद्दीत गेली होती. ‘नकली गेमांचा तर हिशेब होता,’ असे घरचे म्हणाले. वादातले ते वाक्य इथे असे महागात पडते.

१४/ म्हणून वाचकांना विनंती. माळ्यावर जुना व्हिडिओ गेम असेल तर भंगारात देण्यापूर्वी यंत्राचे, खोक्याचे आणि कॅसेटीच्या पिनांचे छायाचित्र काढा. कुठल्या गावी, कोणत्या साली, कितीला घेतला, घ्यायचा कुणी ठरवले आणि घरच्यांना काय सांगून घेतला, तेही लिहा. नावाची गरज नाही. गाव आणि साल मात्र नक्की हवे.