वळणाचे पाणी

एकच खेळ येणाऱ्या जादूगाराचा जत्रेत फार दिवस निभाव लागत नाही. पहिल्या दिवशी टोपीतून कबूतर निघाले की टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी पोरेच आधी "आता कबूतर!" म्हणून ओरडतात आणि तिसऱ्या दिवशी बिचाऱ्याला गाठोडे आवरावे लागते. लेखकांचेही थोडेफार असेच असते. माझी तिसरी कादंबरी परत देताना एक स्नेही म्हणाले, "छान आहे, पण आधीच्या दोन मी वाचल्या होत्या." त्यामुळेच की काय, आर्येन रॉबेन या डच फुटबॉलपटूकडे मी नेहमी जरा जास्तच आपुलकीने पाहत आलो आहे.

त्याला एकच खेळ येत होता असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तो खेळ असा. मैदानाच्या उजव्या कडेला चेंडू घ्यायचा, समोर येईल त्या बचावपटूच्या अंगावर धावत जायचे, मग एकाएकी डावीकडे आत वळायचे, चार-सहा पावले आडवे पळायचे आणि डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडायचा. संपला खेळ!

कडेने खेळणाऱ्या या गड्याला विंगर म्हणतात. जुन्या शिस्तीत उजव्या पायाचा विंगर उजवीकडे आणि डाव्या पायाचा डावीकडे. त्याने रेषेपर्यंत धावावे आणि मधे उभ्या असलेल्या आघाडीवीराला चेंडू आणून द्यावा. म्हणजे पंगतीतल्या वाढप्याचे काम. रॉबेन डाव्या पायाचा. त्याला उजव्या कडेला उभे केले की वाढपीच पाटावर बसून जेवू लागे.

आता गंमत अशी की हे गुपित मुळीच नव्हते. समोरच्या संघाला ते ठाऊक, त्यांच्या प्रशिक्षकाला ठाऊक, माझ्यासारख्या हजारो मैलांवरच्या प्रेक्षकालाही ठाऊक. २०१० च्या विश्वचषकात डर्बनला स्लोव्हाकियाचे खेळाडू त्याच्यासमोर उभे होते. तो उजवीकडून आला, आत वळला आणि गोल झाला. पाहणाऱ्याला वाटावे, अरे, यांना कोणी सांगितले नव्हते काय?

मी यावर बराच विचार केला आहे. बचावपटूला 'काय' ते ठाऊक असते, 'केव्हा' ते ठाऊक नसते. रॉबेन जवळजवळ प्रत्येक पावलाला चेंडूला हलका स्पर्श करी, त्यामुळे कोणतेही पाऊल वळणाचे ठरू शके. घाई करून आतली वाट अडवावी तर बाहेरची मोकळी पडते आणि हा गडी तर वाऱ्यासारखा पळणारा. थांबावे तर अर्धे पाऊल उशीर होतो, आणि तेवढा त्याला पुरे. कीर्तनात हरिश्चंद्राचे आख्यान ऐकताना आपले असेच होत नाही का? तारामतीची मान कापली जाणार नाही हे लहान पोरालाही माहीत असते. पण तलवार उगारलेली ठेवून बुवा नेमके तिथेच थांबतात, उपरणे सावरतात, झांजवाल्याकडे पाहतात, आणि सारा सभामंडप श्वास धरून बसतो.

त्याच्या कारकिर्दीची यादी मी थोडक्यात उरकतो. जन्म २३ जानेवारी १९८४ चा, नेदरलँड्सच्या उत्तरेकडल्या बेडुम नावाच्या लहान गावी. सोळाव्या वर्षी जवळच्या ग्रोनिंगेन शहराच्या संघात आला. तिथून आइंडहोवनचा पीएसव्ही, लंडनचा चेल्सी, रेआल माद्रिद आणि २००९ पासून म्युनिकचा बायर्न. चारही देशांत त्याच्या संघांनी लीग जिंकली, एकट्या बायर्नबरोबर तर आठ वेळा. मांडीचे स्नायू मात्र वरचेवर दगा देत, म्हणून त्याला 'काचेचा माणूस' म्हणत. टक्कलही फार लवकर पडले. पंचविशीतच तो पेन्शनीला आलेल्या गणिताच्या मास्तरांसारखा दिसे.

पण मला सांगायचे आहे ते त्या रात्रीविषयी. ११ जुलै २०१० ला जोहान्सबर्गमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना स्पेनशी होता. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र झाली होती. बासष्टाव्या मिनिटाला स्नायडरने चेंडू असा सोडला की रॉबेनपुढे कोणी उरलेच नाही. फक्त गोलरक्षक कासियास. ना कड, ना बचावपटू, ना वळण. सारे मैदान त्याला आंदण दिलेले! त्याने मारले, आडव्या होणाऱ्या कासियासचा उजवा पाय चेंडूला निसटता लागला आणि चेंडू खांबाबाहेरून गेला. जादा वेळेत इनिएस्ताने गोल केला आणि हॉलंडच्या हातातोंडाशी आलेला घास गेला.

एवढ्यावर भागले नाही. १९ मे २०१२ रोजी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर, चेल्सीविरुद्ध झाला. जादा वेळेत बायर्नला पेनल्टी मिळाली. रॉबेनने ती मारली, चेकने अडवली आणि शेवटी बायर्न हरला. तीनच दिवसांनी त्याच मैदानावर बायर्न आणि हॉलंड यांचा मैत्रीचा सामना होता. २०१० साली हॉलंडकडून खेळताना रॉबेन जायबंदी झाला होता, त्याची बायर्नला भरपाई म्हणून ठरलेला हा सामना! त्यात तो आपल्या देशाच्या नारिंगी सदऱ्यात उतरला आणि बायर्नच्याच चाहत्यांनी त्याच्यावर शिट्ट्या मारल्या. ज्या पायांची भरपाई मागितली, त्याच पायांवर. स्वभाव बदलायला माणसाला याहून चांगले निमित्त मिळत नाही. अशा वेळी दुसरा कोणी पेनल्टी पाहून तोंड फिरवू लागला असता, चेंडू शेजाऱ्याकडे ढकलून मोकळा झाला असता.

वळणाचे पाणी वळणानेच जायचे. २५ मे २०१३ ला वेंब्लीवर डॉर्टमुंडशी अंतिम सामना १-१ असा अडला होता. एकोणनव्वदावे मिनिट. रिबेरीने टाचेने दिलेला चेंडू घेऊन रॉबेन दोघांमधून घुसला आणि पुन्हा एकटा गोलरक्षकासमोर आला. पुन्हा तोच डावा पाय. त्याने चेंडू मारलाच नाही, नुसता सोडला. तो इतका सावकाश गेला, की जाळ्यापर्यंत पोहोचेतो मी दोनदा उठून बसलो.

पुढच्या वर्षी ब्राझीलमध्ये, १३ जून २०१४ ला, कासियासही पुन्हा भेटला. जगज्जेत्या स्पेनचा ५-१ असा धुव्वा उडाला. रॉबेनच्या दुसऱ्या गोलाच्या वेळी कासियास जमिनीवर हातापायांनी धडपडत होता आणि हा त्याला वळसा घालून, चेंडू डाव्या पायावर घेऊन मगच मारतो. लोक म्हणाले, फिटंफाट झाली. मला हा हिशेब पटत नाही. जोहान्सबर्गचा चषक जोहान्सबर्गलाच राहिला. साखळीतल्या सामन्याने असली देणी फिटत नाहीत, आणि ते रॉबेनला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

२०१७ साली तो देशाच्या संघातून निवृत्त झाला : ९६ सामने, ३७ गोल. २०१९ ला खेळच थांबवला. आणि २०२० मध्ये, महामारीने क्लब अडचणीत आलेले असताना, छत्तिसाव्या वर्षी तो ग्रोनिंगेनकडे परतला. पहिल्याच सामन्यात पाय दुखावला. मग महिनोन् महिने बाहेर. मे २०२१ मध्ये एमेनविरुद्ध तो पुन्हा उभा राहिला. ग्रोनिंगेनने चार गोल केले. त्यांतल्या दोहोंना शेवटचा पास त्याचा होता. स्वतः पाटावर न बसता सदतिसाव्या वर्षी त्याने दोघांना वाढले. जुलैमध्ये त्याने बूट काढून ठेवले, ते कायमचे.