कान आहे, गळा नाही

आमच्या घरात गाणं आडनावासारखं होतं, जन्मतःच मिळायचं. आजोबा भजनी मंडळात, आत्याच्या गाण्याच्या शिकवण्या, बाबा अंघोळ करतानाही सुरात. त्यात माझं गाव मिरज. सतारमेकर गल्लीचं गाव, जिथे देशभरातल्या गवयांचे तंबोरे घडतात. अशा घरात मी नऊ वर्षांची असताना आत्यानं एक दिवस सांगून टाकलं, "तुला कान आहे गं, पण गळा नाही." रागावली नव्हती ती. वैद्यानं नाडी बघून सांगावं, तशा आवाजात म्हणाली. तेव्हापासून तंबोरे पुसणं आणि तार उतरली की सांगणं, ही दोन खाती माझ्याकडे आली.

असं तुमच्याही घरी कुणाच्या वाट्याला आलं असेल. मग कोणीतरी म्हणतं, "तानसेन नाही तर नाही, कानसेन हो." मी ते इतक्यांदा ऐकलं, की गाणं लागलं की हळूच उठून दुसऱ्या खोलीत जायची सवय झाली.

पुण्यात इंजिनिअरिंगला आले, ती गाण्यापासून सुटका म्हणूनच. शाखा इलेक्ट्रॉनिक्स. हॉस्टेलमधली माझी रूममेट नागपूरची. तिच्याकडे एक पेन ड्राइव्ह होता, आणि त्यात जर्मनीतल्या क्राफ्टवर्क या गटाचा १९७७ सालचा 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' हा अल्बम. रात्री अभ्यास करताना तिनं तो लावला. आगगाडीच्या रुळांसारखा ठेका, त्यावर हळूहळू बदलत जाणारे आवाज. तान नाही, हरकत नाही. आणि कुणाचा गळा ऐकून माझा आठवावा, असंही काही नाही. बऱ्याच वर्षांनी मी गाणं चालू असताना खोलीत बसून राहिले.

त्याच वर्षी, २०१० मध्ये, एक जुनी तबकडी नव्यानं बाजारात आली आणि वर्षभरात आमच्या हॉस्टेलपर्यंत पोचली. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे मुंबईचे वादक. त्यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. तेव्हा ती तबकडी फारशी कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या गटानं त्यातल्याच एका यंत्रातून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढला आणि जगभर 'अ‍ॅसिड हाउस' नावाची लाट आली. मुंबईतलं काम आधीचं, हे जगाला कळायला अठ्ठावीस वर्षं गेली.

ते यंत्र म्हणजे टीबी-३०३. गिटार वाजवणाऱ्याला साथीला बास मिळावा म्हणून बनवलेलं. त्या कामात ते फसलं आणि तीनेक वर्षांत कंपनीनं बंदही केलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. तुम्ही आम्ही जिला मींड म्हणतो, तिच्या नात्यातली. रागातले स्वर त्यात घालावेसे वाटले यात नवल नाही.

हे कसं होतं ते बघावं म्हणून मी कॉलेजच्या लॅबमध्ये एका संध्याकाळी ब्रेडबोर्डवर सर्किट जुळवलं. ५५५ या चिपमधून निघणारी चौकोनी लहर, पुढे एक फिल्टर, त्याला एक नॉब आणि जुन्या रेडिओतला स्पीकर. अशा लहरीत मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वरही भरलेले असतात. फिल्टर बंद केला की वरचे कापले जातात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. नॉब सावकाश उघडला की ते एकेक करून बाहेर पडतात.

मी नॉब उघडला आणि चटकन हात थांबला. हे मी ऐकलेलं होतं, घरी, रोज. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत आत्या जवारी लावायची, तेव्हा आवाज असाच मिटलेला असायचा आणि एका जागी येऊन खुलायचा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच तंबोऱ्याबद्दल लिहून ठेवलंय: तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही यात ऐकू येतात. जवारी नेमकी कुठे खुलते ते मला नवव्या वर्षापासून कळत होतं, कारण "आता थांब" असं सांगायचं काम माझंच होतं. लॅबमधल्या मामांनी विचारलं, "मॅडम, सर्किट बिघडलं का?" मी म्हटलं, "नाही मामा, लागलं."

त्यानंतर मी गाणं करायला लागले. चांगलं करते असा दावा नाही, पण करते. गळ्याची गरज पडत नाही. कुठे थांबायचं ते कानाला कळावं लागतं, आणि तेवढं मला येतं.

आता मी अ‍ॅन आर्बरला पोस्टडॉक आहे, विषय श्रवणयंत्रं. ती मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून घडवलेली, त्यामुळे गाणं त्यांतून नीट येत नाही. त्यावर आमचं काम चालतं. मिशिगनमधल्या वाचकांना सांगते, डेट्रॉइट विमानतळावर आईबाबांना आणायला जाताना आय-९४ वर बेलव्हिलची पाटी लागते. त्या गावातल्या शाळेत वन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ही तीन कृष्णवर्णीय मुलं मित्र होती. रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा निवेदक रात्री क्राफ्टवर्क लावायचा, ते ऐकत ती वाढली. पुढे त्यांनी जे केलं त्याला जग टेक्नो म्हणतं.

गेल्या उन्हाळ्यात आत्या आली होती. त्याच रस्त्यावर गाडीत मी तिला चरणजित सिंगांचा ललत ऐकवला. डोळे मिटून तिनं सगळा ऐकला. म्हणाली, "ललत आहे खरा. पण याला दम खायला कोणी शिकवलं नाही." मग म्हणाली, "परत लाव." दुसऱ्यांदा ऐकताना तिचा हात मांडीवर ठेका धरत होता. आम्ही दोघी एक गाणं शेजारी बसून ऐकतोय, असं त्याआधी कधी झालं होतं, मला आठवत नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीत मुलांचं समूहगान असतं. मागच्या रांगेतल्या काहींना "तुम्ही नुसते ओठ हलवा" असं सांगितलं जातं. यंदा त्यातली चार मुलं मी मागून घेतली आहेत. फोनवरचा तंबोरा, लॅपटॉप आणि दर रविवारी दोन तास. तीन मिनिटांचं काहीतरी तयार होतंय. परवा त्यातली एक मुलगी मला मध्येच थांबवून म्हणाली, "ताई, अजून उघडू नका, इथेच छान लागतंय." तिचं बरोबर होतं.

तुमच्या मंडळातही मागच्या रांगेत कुणी असेल. गळा कसाही असो, काय ऐकतेस म्हणून एकदा विचारा, आणि हेडफोनची एक बाजू मागून घ्या.