गौरी-गणपतीला न फुलणारा

अमेरिकेत एडिसन गावातलं घर घेतलं तेव्हा मागच्या कुंपणावर हा वेलगुलाब होताच. तारेला जस्ताची पट्टी, तिच्यावर नाव : 'न्यू डॉन'. जूनमध्ये कुंपण दिसेनासं व्हायचं. फिकट गुलाबी फुलं, उन्हात पांढुरकी पडणारी. जुलैपासून नुसती पानं. आई साताऱ्याहून आली की कुरकुरायची, "गौरी-गणपतीला एक फूल देत नाही, एवढं पाणी कशाला घालतेस?"

आईची तक्रार हीच याची खरी ओळख होती. 'न्यू डॉन' थंडी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा फुलतो. तोही इथलाच, शेजारच्या न्यू ब्रन्स्विकचा. डॉक्टरकी सोडून झाडांच्या नादी लागलेल्या वॉल्टर व्हॅन फ्लीट यांचा, त्यांच्याच नावाचा एक वेलगुलाब १९१० साली बाजारात आला होता. तो वर्षातून एकदाच फुलायचा. त्याच्यात आपसूक बदल होऊन 'न्यू डॉन' उपजला आणि १९३१ मध्ये हेन्‍री बोसेनबर्ग यांना त्याचं पेटंट मिळालं : अमेरिकेतलं वनस्पतीचं पहिलं. दावा काय, तर हा सारखा फुलतो. बस, एवढंच!

एरवी गुलाब ओळखायला काटे, पानांची लकाकी, देठाशी चिकटलेली उपपर्णं बघतात. इथे त्याचा उपयोग नाही. दोघांचं रूप एकच. फुललेल्या वेलाचा फोटो कितीही जाणत्या माणसाला दाखवा, तो अंदाजच करणार. सप्टेंबरपर्यंत शेजारी राहावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. माझ्या कुंपणावर आहे तो व्हॅन फ्लीटच.

तरी पट्टी लावणाऱ्याला मी खोटं म्हणत नाही. असे उपजलेले बदल कधीकधी मागे फिरतात. वेल मूळ रूपावर जातो. लावला तेव्हा हा 'न्यू डॉन' असेलही. मला ही शक्यता जास्त आवडते, पुरावा मात्र काही नाही.

नावानं छाटणी बदलते, हे महत्त्वाचं. एकदाच फुलणारा वेल मागच्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतो. मार्चमध्ये कात्री चालवली की जूनची फुलं गेली. म्हणून आता बहर ओसरल्यावरच छाटते. गल्लीतल्या वहिनींनी परवा फांदी मागितली, गणपतीसाठी. त्यांना म्हटलं, फांदी खुशाल न्या, पण गणपतीसाठी जास्वंदीची कुंडी आणा.